आजार गेला पण पोट जाग्यावर येईना : प्रोबायोटिक किती दिवस घ्यायचं?

मानेवाडा_चौक | रविवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथं नुसतं वाचून राहिली होती, आज स्वतःसाठी विचारते.

जूनच्या शेवटी कामठी रोडला एका लग्नाला गेलो होतो. पाऊस लांबलेला, हॉलमधले कूलर असून नसल्यासारखे. पंगतीला बसायच्या आधीच मी बर्फ घातलेल्या मठ्ठ्याचे तीन पेले रिचवले. मठ्ठ्यानं झालं, बर्फानं झालं की आणखी कशानं, ते आता सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत बारा-तेरा वेळा. ओकाऱ्या, ताप, पायात गोळे. रात्री सलाईन लावावं लागलं. पाच दिवस अँटिबायोटिक चाललं आणि आठवडाभरात ताप आणि ढाळ दोन्ही थांबले.

याला पाच आठवडे झाले. आताचा त्रास वेगळाच आहे. सकाळचा चहा घशाखाली उतरला की दहा मिनिटांत धावावं लागतं. आठ वाजेपर्यंत तीन फेऱ्या होतात. दुपारी पोट इतकं फुगतं की साडीची गाठ सैल करावी लागते. शाळेत स्टाफरूममध्ये बसलं की पोटातली गुडगुड शेजारच्या बाईंना ऐकू जाते. तर्री-पोहे आणि सावजीचं तर नावच काढत नाही, पण साध्या वरण-भातानंही पोट गच्च होतं.

औषधाचं म्हणाल तर डॉक्टरांनी आधी पाच दिवस प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला चांगल्या जिवंत जंतूंच्या, कुप्या दिल्या होत्या. त्या संपल्यावर मैत्रिणीच्या सांगण्यावरून दहा दिवस कॅप्सूल घेतल्या. मग दिरांनी ऑनलाइन मागवून दिलेली पावडर सुरू केली, तिचा डबा पंधराशेचा. दर नव्या औषधानं दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यातलं नेमकं कोणतं घ्यायचं? आणि किती दिवस? दरवेळी डबा संपला की मनात येतं, आपण थांबलो म्हणूनच बिघडलं. घरी सासूबाई ताक प्या म्हणून मागे लागल्या आहेत, पण मठ्ठ्यानंच झालं असं मनात बसल्यामुळे हात धजत नाही.

निवृत्त_सिस्टर | रविवार, रात्री 10:15

ताई, प्रोबायोटिकचं नंतर बोलू. आधी हे सांगा: संडासात रक्त किंवा आव पडते का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? वजन किती उतरलं? ताप परत आला का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा आतड्याच्या सुजेचा जुना आजार आहे का? वय पन्नाशीच्या पुढे आहे का?

यातल्या एकालाही हो असेल तर धागा बाजूला ठेवा आणि पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिकनंतर पुन्हा पाण्यासारखे ढाळ आणि ताप सुरू झाला तर मोठ्या आतड्यात एका वेगळ्याच जंतूनं ठाण मांडलेलं असू शकतं. त्याची तपासणी वेगळी आणि औषधही वेगळं. मी तीस वर्षं वॉर्डात काढली. सहा-सहा महिने कुप्या पीत घरी बसलेली माणसं पाहिली आहेत, आणि मग निदान हाती आलेलं पाहिलं आहे. म्हणून आधी हे विचारते, राग मानू नका.

मानेवाडा_चौक | रविवार, रात्री 10:32

राग कसला, सिस्टर, बरं वाटलं विचारलंत म्हणून. रक्त नाही, आव नाही, ताप नाही. रात्री झोप शांत लागते. वय 43. वजन पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरलं होतं, त्यातलं दीड परत आलं. संडासची तपासणी आणि रक्ताची तपासणी झाली, दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ लागेल. पण किती वेळ, ते विचारायचं राहूनच गेलं.

औषधदुकान_सक्करदरा | सोमवार, सकाळी 7:50

दुकान उघडायच्या आधी लिहून टाकतो, नंतर सवड मिळत नाही.

ताई, प्रोबायोटिक हे कोण्या एका औषधाचं नाव नव्हे. आपण फळ म्हणतो तसं आहे ते. संत्रं पण फळ, फणस पण फळ. तुम्ही तीन वेळा तीन वेगळी फळं खाल्ली.

कुप्या बहुधा बॅसिलस क्लॉसीच्या असतील. 5 मिलीची प्लास्टिकची कुपी, पाण्यासारखं द्रव, चव काहीच नाही. त्यात बीजाणू असतात, बहुतेक कुप्यांवर 200 कोटी असा आकडा छापलेला असतो. बीजाणूला कवच असतं, त्यामुळे त्याला जठरातलं आम्लही मारत नाही आणि आपलं ऊनही. कॅप्सूल जर सॅकरोमायसिस बुलार्डीची असेल तर ते यीस्ट आहे. बुलार्ड नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1920 च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून ते वेगळं केलं. यीस्ट असल्यामुळे जिवाणू मारणाऱ्या अँटिबायोटिकचा त्याच्यावर परिणाम होत नाही, म्हणून अँटिबायोटिकसोबत ते बरेचदा लिहून देतात. तिसरी जात लॅक्टोबॅसिलसची. त्यात ऱ्हॅम्नोसस जीजी हा सगळ्यात जास्त अभ्यासलेला वाण. ही मंडळी नाजूक असतात, उष्णता आणि दमट हवा दोन्ही सोसत नाहीत.

पंधराशेच्या डब्याबद्दल. डब्यावर प्रत्येक जंतूचं पूर्ण नाव, म्हणजे शेवटची अक्षरं किंवा क्रमांकासकट वाण, दिला आहे का बघा. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलं असेल तर काही कळत नाही. त्याच जातीचा एक वाण कामाचा असतो आणि दुसरा नसतो. आकडा कोणत्या तारखेचा आहे, तेही बघा. कारखान्यातून निघताना किती होते, यापेक्षा मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील ते महत्त्वाचं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे प्रोबायोटिक खाद्यात रोजच्या मात्रेमागे किमान 10 कोटी जिवंत जंतू असायला हवेत.

आणि नागपूरकरांसाठी खास सांगतो. 25 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं पाकीट मे-जूनमध्ये डिलिव्हरीच्या पिशवीत दुपारभर फिरलं तर आत काय उरलं असेल? बाहेर 45 अंश असतात, पिशवीच्या आत त्याहून जास्त. माझ्याकडे अशी पाकिटं फ्रिजमध्ये असतात. गिऱ्हाईक लांब राहत असेल तर मी सांगतो, संध्याकाळी या.

माझं नुकसान होईल, पण खरं ते सांगतो. पाच आठवड्यांनंतर चौथा प्रकार घेऊन बघा असं मी तुम्हाला सांगणार नाही.

गंजभर_दूध | सोमवार, दुपारी 2:05

मानेवाडा ताई, मी तुमच्या सासूबाईंच्या वयाची असेन. तुमची भीती समजते. पण लग्नातला मठ्ठा वेगळा आणि घरचं ताक वेगळं बाई. तिथं बर्फ कुठल्या पाण्याचा, पिंपात हात कुणाचे गेले, दही सकाळपासून किती वेळ उघडं होतं, याचा कुणाला पत्ता असतो? तुमच्या घरी गंज तुमचा, दूध तुमचं आणि हातही तुमचाच.

मी कसं करते ते सांगते. दूध चांगलं उकळून गंजातच निवू द्यायचं. करंगळी बुडवून दहा मोजेपर्यंत सोसवलं पाहिजे, तेवढंच कोमट. गंजभर दुधाला चहाचा एक चमचा विरजण पुष्कळ होतं. ते वाटीतल्या दोन चमचे दुधात आधी मोडून घ्यायचं, मग गंजात सोडायचं आणि एकदाच ढवळायचं. उन्हाळ्यात रात्री दहाला लावलं तर पहाटे पाचला लागलेलं असतं. मग लगेच फ्रिजमध्ये. तसंच बाहेर राहिलं तर नऊ वाजेपर्यंत दात आंबतात. थंडीत गंज कणकेच्या डब्यात ठेवते.

माझं विरजण माझ्या सासूबाईंचं आहे. एकतीस वर्षं झाली. मधे दोनदा बिघडलं, तेव्हा ज्यांना ज्यांना मी दिलं होतं त्यांच्याकडून परत आणलं. माझ्या सासरी काटोलकडे ताकाला मही म्हणतात. दुखण्यातून उठलेल्या माणसाला पहिले आठ दिवस दही द्यायचं नाही, महीच द्यायची, अशी रीत. वाटीभर दह्याला चार वाट्या पाणी, लोणी काढून टाकलेलं, भाजलेलं जिरं आणि चिमूटभर सैंधव. पहिल्या दिवशी अर्धी वाटी. तेवढं पचलं तर दुसऱ्या दिवशी एक. पाणी मात्र उकळून थंड केलेलं घ्या, पावसाळा आहे.

आणि कढी ही कढी आहे. चवीला खुशाल खा, पण उकळल्यावर त्यातलं जिवंत काही राहत नाही.

सूक्ष्मदर्शक | सोमवार, रात्री 9:20

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. काकूंचा प्रतिसाद विद्यार्थ्यांना वाचून दाखवावा असा आहे. करंगळीचं माप म्हणजे साधारण 40 ते 43 अंश, दह्याच्या जिवाणूंना नेमकं तेच लागतं.

थोडं शास्त्राच्या अंगानं. आतड्यातले जंतू आणि तब्येत यांचा संबंध पहिल्यांदा ठासून मांडला तो इल्या मेचनिकॉव्ह यांनी, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. 1908 सालचं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. बल्गेरियातली दही खाणारी माणसं दीर्घायुषी असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आजची व्याख्या 2001 सालची, जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी केलेली: पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. या मापानं घरचं दही ‘प्रोबायोटिक’ ठरत नाही, कारण त्यात कोणता वाण किती आहे हे कुणी मोजलेलं नसतं. पण ते जिवंत आहे, आणि पोटाला त्याचा उपयोग आहे.

आता ताईंचा प्रश्न, आजारानंतर आणि अँटिबायोटिकनंतर पोटाची घडी प्रोबायोटिकनं लवकर बसते का? इस्रायलच्या वाइझमन संस्थेत 2018 साली हे करून बघितलं. निरोगी माणसांना अँटिबायोटिक दिलं आणि तीन गट केले. एकाला काहीच दिलं नाही. दुसऱ्याला अकरा वाणांचं प्रोबायोटिक दिलं. तिसऱ्याला त्यांच्याच आधी साठवलेल्या मलातले जंतू परत दिले. तिसरा गट काही दिवसांतच सावरला. ज्यांना काहीच दिलं नाही ते सुमारे तीन आठवड्यांत बरेचसे पूर्वपदावर आले. प्रोबायोटिकवाल्यांचे मूळचे जंतू मात्र महिनोन्महिने नीट परतले नाहीत, बाहेरून आलेल्यांनी जागा अडवून ठेवली होती. माणसं एकवीसच होती, वाणही ठरावीक अकरा, त्यामुळे यावरून सगळं प्रोबायोटिक वाईट असा निष्कर्ष काढू नये. पण ‘अँटिबायोटिक झालं की महिनाभर प्रोबायोटिक घ्या, नुकसान तर नाही’ हे वाक्य मी तेव्हापासून म्हणत नाही.

एखादं शेत डोळ्यांपुढे आणा. पुरानं वाहून गेलेल्या बांधावर मूळचं गवत आपोआप उगवतं, कारण मुळं खाली शिल्लक असतात. आपण घाईनं दुसरंच बी फेकलं तर ते आधी पसरतं. मूळच्या गवताला खत हवं, आणि इथं खत म्हणजे जेवण. तंतू, डाळी, गार झालेल्या भातातला न पचणारा स्टार्च, केळं. हे खाऊन मोठ्या आतड्यातले जंतू ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. स्टॅनफर्डमध्ये 2021 साली छत्तीस जणांवर केलेल्या अभ्यासात दहा आठवडे रोज आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या पोटातल्या जंतूंची विविधता वाढली आणि दाहाच्या खुणा कमी झाल्या.

एक सावधगिरी: भात गार करायचा तो फ्रिजमध्ये. नागपूरच्या उकाड्यात ओट्यावर रात्रभर ठेवलेला भात हे ढाळांना आमंत्रणच, आणि तिथं तयार होणारं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

दोन_लेकरांची_माय | सोमवार, रात्री 10:10

सर, तुमचा मान राखून सांगते, मला हे पटलं नाही. माझ्या धाकट्याला मागच्या वर्षी कानाच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिक दिलं तर तिसऱ्या दिवशी त्याला दिवसाला सहा-सात पातळ शी सुरू झाल्या. यावर्षी तेच अँटिबायोटिक होतं, पण डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून बुलार्डीची पुडी सोबत दिली. एकदाही बिघडलं नाही. मी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं मानू?

सूक्ष्मदर्शक | सोमवार, रात्री 10:25

ताई, खोटं मुळीच मानू नका. तुमचा अनुभव आणि मी लिहिलेलं, ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. अँटिबायोटिक चालू असताना ढाळ लागू नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचं, याला चांगला पुरावा आहे, विशेषतः मुलांमध्ये, आणि त्यात बुलार्डी आणि जीजी या दोघांची नावं वर आहेत. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं. ढाळ लागून गेल्यावर, पोट पुन्हा बसवण्यासाठी महिनोन्महिने घेणं हा निराळा मुद्दा. तिथं पुरावा लंगडा आहे. तसंच साध्या जुलाबांसाठी लहान मुलांना प्रोबायोटिक देण्याबद्दल अमेरिकेत आणि कॅनडात 2018 साली दोन मोठ्या चाचण्या झाल्या, प्रत्येकीत आठशेहून जास्त मुलं होती. दोन्हींत काही फरक दिसला नाही.

निवृत्त_सिस्टर | मंगळवार, सकाळी 6:30

लेकरांचा विषय निघाला म्हणून लिहिते. जुलाबात जीव वाचवते ती ओआरएसची पुडी. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपं भरभरून दिलं आणि पटकीनं मरणारी माणसं वाचवली. एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात, सगळी एकदम. अर्धी पुडी अंदाजानं पेल्यात टाकू नका, मीठ जास्त होतं. सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहानाला 10, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले तरी झिंक पूर्ण करायचं. प्रोबायोटिक आणायला पैसे नसतील तर मन खाऊ नका, हे दोन पुरेत. अंगावरचं दूध बंद करायचं नाही.

हिंगणा_टी_पॉइंट | मंगळवार, दुपारी 1:15

माझी एक चूक सांगतो, कोणाच्या तरी कामी येईल. मला मागे पोटाच्या इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिलं होतं. गोळी गरम पडते म्हणून मी ती सकाळ-संध्याकाळ दह्याच्या वाटीसोबत घेऊन राहिलो होतो. तीन दिवस फरकच नाही. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशासोबत घेता? सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. दह्या-दुधातलं कॅल्शियम त्या गोळीला धरून ठेवतं आणि ती रक्तात जातच नाही म्हणे.

औषधदुकान_सक्करदरा | मंगळवार, दुपारी 1:40

भाऊ, अगदी बरोबर. सिप्रो आणि डॉक्सीसायक्लीन ही त्यातली नेहमीची नावं. सिप्रो घेतल्यावर दोन तास तरी दूध, दही, ताक नको, आणि दही खाल्लं असेल तर गोळीला सहा तास थांबा. जिवाणूंचं प्रोबायोटिक असेल तर तेही अँटिबायोटिकच्या वेळेपासून दोन तास लांब ठेवायचं, नाही तर एकाच वेळी पेरणी आणि तणनाशक होतं. आणि कुपी गरम चहा-दुधात ओतू नका, साध्या पाण्यात किंवा तशीच घ्या.

अंबाझरी_फेरी | मंगळवार, रात्री 11:00

मानेवाडा ताई, तुमची पहिली पोस्ट वाचली आणि वाटलं, मीच लिहिली आहे. माझं तुमच्याहून लांबलं, आठ महिने. म्हणून सविस्तर लिहितो.

मला टायफॉइड झाला होता. उतरल्यावर पोट कधी बसलंच नाही. मी रोज बुटीबोरीला कंपनीच्या बसनं जातो. वर्धा रोडवर विमानतळ ओलांडलं की पुढे बस थांबत नाही. मला नेमकी तिथंच कळ यायची. रोज, त्याच जागी. मग मी सकाळचं खाणं सोडलं. मग चहा सोडला. मग पाणीसुद्धा पिईना. दोन महिन्यांत बेल्टला नवी भोकं पाडली. प्रोबायोटिकचे तर सगळे प्रकार झाले, एका शेल्फवर रिकाम्या डब्यांची रांग लागली होती. बायको म्हणाली, तू पोटाची गोष्ट सोडून दुसरं काही बोलतच नाहीस. खरं होतं ते.

शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर आतडं काढून समजावलं. इन्फेक्शन जातं, पण आतड्याच्या नसा काही काळ हळव्या राहतात. एरवी जाणवणार नाही एवढ्या वायूनंही कळ येते, आणि कळ येईल या धास्तीनं आतडं आणखी जोरात हलतं. पोटाच्या मोठ्या इन्फेक्शननंतर साधारण दहातल्या एकाला असं होतं, असं ते म्हणाले. त्याला नावही आहे, इन्फेक्शननंतरचा आयबीएस, म्हणजे हळव्या आतड्याचा त्रास. बहुतेकांचं हळूहळू उतरतं, पण आठवड्यांत नाही, महिन्यांत. मला एवढं ऐकूनच निम्मं बरं वाटलं. आठ महिने मला कोणीच सांगितलं नव्हतं की हे असं असतं.

मग काय केलं? कच्चा कांदा, लसूण, कोबी, चण्याची डाळ सहा आठवडे बंद, नंतर एकेक करून परत सुरू. इसबगोल रात्री एक चमचा. वेळेवर जेवण, तेही थोडं. सकाळी पाऊण तास लवकर उठून अंबाझरीला एक फेरी, म्हणजे पोट घरीच मोकळं होतं आणि बसमध्ये धास्ती राहत नाही. डॉक्टरांनी एकच प्रोबायोटिक दिलं, चार आठवडे घ्या, फरक वाटला तर बोला, नाही तर बंद. मला फार फरक वाटला नाही, बंद केलं, काही बिघडलंही नाही.

ती ‘थांबलो म्हणून बिघडलं’ भीती मला फार ओळखीची आहे. एकदा दोन आठवडे सगळं थांबवा आणि वहीत लिहा. काय खाल्लं, किती वेळा गेलो, कसं झालं. मी लिहिलं तेव्हा कळलं की डबा असो-नसो, माझे दिवस सारखेच होते. आता विमानतळापाशी मी बसमध्ये झोपलेला असतो.

वाठोडा_रोड | बुधवार, सकाळी 8:10

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. माझ्या भावाची किडनी बदलली आहे, त्याच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायम चालू असतात. त्याला जुलाब झाले तेव्हा मी प्रेमानं कॅप्सूल घेऊन गेले, तर त्याच्या डॉक्टरांनी हातातून काढून घेतली. किमो चालू असलेला माणूस, गळ्यातल्या मोठ्या शिरेत नळी असलेला पेशंट, दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ, यांच्यात हे जिवंत जंतू किंवा यीस्ट क्वचित रक्तात उतरतात. ‘नॅचरल आहे’ म्हणून परस्पर देऊ नका.

मानेवाडा_चौक | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री 8:50

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे थांबायचं ठरवलंय, त्यातला पहिला झाला. वही पण ठेवली.

सहा दिवसांत एक गोष्ट पानावर स्पष्ट दिसली. सकाळच्या तिन्ही फेऱ्या दुधाच्या चहानंतरच्या होत्या, आणि दुपारचं फुगणं शाळेतल्या कॉफीनंतरचं. मंगळवारी घरात दूध फाटलं म्हणून कोरा चहा घेतला, त्या दिवशी एकच फेरी. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, मोठ्या इन्फेक्शननंतर आतड्याचं अस्तर खरवडल्यासारखं होतं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज त्या अस्तराच्या टोकांवर तयार होतं, तेच आधी जातं आणि सगळ्यात शेवटी परत येतं. काही आठवडे दूध बंद ठेवा, मग थोडं थोडं सुरू करा. मी पाच आठवडे ताकद भरून यावी म्हणून रात्री हळद घातलेलं मोठा पेला दूध पिऊन राहिली होती. आणि पंधराशेची पावडर पण दुधातच घालून.

बुधवारपासून दूध बंद आहे. पहिले दोन दिवस फार फरक नव्हता, पण काल आणि आज सकाळी एकदाच जावं लागलं. पोट अजून फुगतं, पण गाठ सैल करावी लागली नाही.

आणि काकू, शुक्रवारी ताक घेतलं. अर्धी वाटी, तुम्ही सांगितलं तसंच पातळ, जिरं घालून. सासूबाई समोर बसून होत्या, वाटी रिकामी होईस्तोवर बोलल्या नाहीत. वाटी हातात घेतली तेव्हा खरंच हात थरथरला, लग्नातला तो दिवस आठवला. दुपारभर वाट पाहिली. काहीच झालं नाही. सूक्ष्मदर्शक सर, दूध सोसत नाही आणि ताक सोसतं, असं का?

सूक्ष्मदर्शक | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री 9:15

दही लागताना जिवाणू त्या साखरेचा काही भाग खाऊन टाकतात, त्यातूनच आंबटपणा येतो. उरलेली पचवायला त्यांचं स्वतःचं लॅक्टेज त्यांच्यासोबत पोटात जातं. वर तुम्ही चौपट पाणी घातलं. म्हणून सोसलं. गरम भातावर मात्र ताक ओतू नका, भात कोमट होऊ द्या.

अंबाझरी_फेरी | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री 9:30

वही चालू ठेवा ताई. एखादा दिवस परत वाईट येईल, तेव्हा मागची पानं उलटून बघा.

गंजभर_दूध | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री 9:55

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. महिन्याभरानं महालक्ष्म्या येतील, तोवर तुमचं पोट ज्वारीच्या आंबिलीपर्यंत यायला हवं. पीठ ताकात रात्रभर भिजवायचं, सकाळी शिजवायचं, आणि निवल्यावर वरून ताजं ताक घालायचं, म्हणजे जिवंतपण टिकतं. आत्ता घाई नको, आधी वाटीभर महीची सवय होऊ दे.

तुमचं विरजण बाजारच्या पाकिटातल्या दह्याचं आहे का?

मानेवाडा_चौक | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री 10:02

हो काकू. घरचं विरजण मोडूनच बरीच वर्षं झाली.

गंजभर_दूध | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री 10:05

मग मी शनिवारी तुकडोजी पुतळ्याकडे येणार आहे, सकाळी दहाच्या आत, ऊन चढायच्या आधी. झाकणाची छोटी स्टीलची डबी घेऊन या, प्लास्टिकची नको. दोन चमचे देते. त्याच रात्री लावा.